ओळीतली पहिली स्कूटर

दुसऱ्याचा हेवा करू नये असं मला लहानपणी शिकवलं होतं, आणि एस्किल आमच्या गटात येईपर्यंत मी तो कधी केलाही नव्हता. म्हणजे हेवा करावा असं कुणाकडे काही नव्हतंच. आम्ही हिमनद्या मोजणारी माणसं. बर्फात भोक पाडायचं, त्यात काठी रोवायची आणि पुढच्या वर्षी जाऊन ती किती उघडी पडली ते बघायचं, एवढंच आमचं शास्त्र. यात कुणाचं काय बघून जळायचं? पण गेल्या शरदात एस्किल मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सोहून उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या बेटावर आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने कचेरीतलं कॉफीचं यंत्र दुरुस्त केलं. ते बिघडलंय हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही त्याच्या कॉफीला सरावलो होतो. यंत्र चालू झाल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण बेताच्या.

मग काळोखाचे महिने आले. त्या दिवसांत आमच्या लाँगयिअरब्येन गावात प्रत्येक जण काही ना काही करून डोकं ठिकाणावर ठेवतो. एस्किलने सगळ्यांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या. पुरुषाने विणू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, माझे वडीलसुद्धा विणायचे. माझं म्हणणं एवढंच की विणावं तर माणसाने स्वतःपुरतं विणावं. त्याने दिलेली टोपी माझ्या डोक्याला अगदी नेमकी बसली. माझ्या डोक्याचं माप त्याने कधी आणि कुठून घेतलं हे मला अजून कळलेलं नाही. टोपी उबदार होती, त्यामुळे ती वापरायचा प्रत्येक दिवस मला त्रासाचा गेला.

राग्ना माझी बायको. तीही याच गटात आहे, बर्फावर वाढणाऱ्या शेवाळाचं काम करते. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "एस्किल किती छान ऐकतो रे."

"ऐकायला काय लागतं?" मी म्हणालो.

"तेच मी तुला इतकी वर्षं विचारतेय," ती म्हणाली आणि कपाट बंद केलं.

तरीही मी शांत होतो, कारण माझ्याकडे एक गोष्ट होती जी कुणी दुरुस्त करू शकत नव्हतं की विणू शकत नव्हतं. दरवर्षी एप्रिलमध्ये, बर्फावरचं काम संपलं आणि बर्फ अजून टणक असलं की आमची प्रमुख तुरिड गटाला एक रविवार मोकळा देते. मग सगळे स्कूटरवर बसून पूर्व किनाऱ्याला जातात. बर्फावर पळणाऱ्या त्या यंत्राला आमच्याकडे नुसतं स्कूटरच म्हणतात. तिथे हिमनदी समुद्रात तुटते ती निळी भिंत बघायची, वॅफल खायचे, संत्री सोलायची आणि परत यायचं. सगळं वर्ष बर्फातच घालवणारी माणसं सुट्टीच्या दिवशी बर्फच बघायला का जातात, असं मुख्य भूमीवरचे नातेवाईक विचारतात. त्यांना काय सांगणार? आणि त्या ओळीतली पहिली स्कूटर नेहमी माझी असायची.

पहिल्या स्कूटरची गोष्टच वेगळी. समोर कुणाची चाकोरी नाही, कुणाचा धूर नाही, पांढऱ्या दरीत पहिली रेघ आपण ओढायची आणि बाकीच्यांनी मुकाट्याने तिच्यावरून यायचं. घरी बायको, कचेरीत तुरिड आणि बँकेत बँक माझ्या पुढे असते. वर्षातून एक दिवस मी पुढे असायचो. तो दिवस मी बाकीचे सगळे दिवस पुरवून पुरवून वापरायचो, हे मी आधी कुणाला बोललो नव्हतो.

ओळीचा एक नियम आहे आणि तो नव्या माणसांना मीच शिकवत आलोय. प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. मागचा दिसेनासा झाला की थांबायचं. तू थांबलास की तुझ्या पुढच्याला तू दिसेनासा होतोस, मग तो थांबतो, आणि असं करत करत न बोलता न ओरडता पहिल्या स्कूटरपर्यंत निरोप पोचतो. म्हणून म्होरक्याने पुढे बघायचं तितकंच मागेही बघायचं. वाऱ्यात आणि शिरस्त्राणात कुणाची हाक कुणाला ऐकू येत नाही, तिथे याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही.

आणि या वर्षी तुरिड शुक्रवारच्या कॉफीला म्हणाली की म्होरक्या एस्किल असेल.

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय. तुरिड सहसा गंमत करत नाही. मग तिने सांगितलं की स्कूटर संस्थेच्या आहेत, त्यामुळे सुट्टी असली तरी सुरक्षा विभागाचा नियम लागू, आणि म्होरक्याची गार पाण्याची परीक्षा चालू असावी लागते. ही परीक्षा म्हणजे खाडीच्या बर्फाला भोक पाडतात, आपल्याला नारिंगी पोशाखात त्यात ढकलतात आणि आपण हातातले दोन खिळे बर्फात रोवत बाहेर यायचं. माझी मुदत संपली होती. या हिवाळ्यात परीक्षेच्या दिवशी मला सर्दी झाली होती, आणि सर्दी झालेल्या माणसाने गार पाण्यात उडी मारू नये हे कुठलीही आई सांगेल. एस्किलने ती नोव्हेंबरात दिली होती. वर बाहेर येऊन त्याने इतरांना गरम सरबत दिलं म्हणे.

मी तडक सुरक्षा विभागात गेलो. आमच्याकडे कुठल्याही इमारतीत शिरताना दारातच बूट काढून ठेवायची पद्धत आहे, खाणकामगारांच्या काळापासूनची. चांगली पद्धत आहे. पण त्या दिवशी माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि अंगठा बाहेर काढून उभ्या राहिलेल्या माणसाला बाणेदारपणे बोलता येत नाही. तिथल्या बाईंनी माझं सगळं म्हणणं अंगठ्याकडे बघत ऐकून घेतलं. मी म्हणालो, ही दरी मला माझ्या स्वयंपाकघरासारखी माहीत आहे. त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरात अपघात सर्वात जास्त होतात. मी म्हणालो, आत्ता चला खाडीवर, तुमच्यासमोर उडी मारतो. त्या म्हणाल्या, पुढची परीक्षा ईस्टरनंतर आहे, नाव लिहू का? मी म्हणालो, मग ईस्टरनंतर जाऊ सगळे. त्या म्हणाल्या, तोवर बर्फ खचेल. बाई गोड बोलत होत्या, हेच जास्त वाईट होतं.

ही बातमी माझ्याआधी आमच्या गल्लीत पोचली. शेजारचा ओड्वार, पूर्वी खाणीत होता, आता निवृत्त होऊन सगळ्यांच्या स्कूटरमध्ये नाक खुपसत असतो. तो फावडं टेकवून मला म्हणाला, "संस्थेची स्कूटर घेतोसच कशाला? माझी घेऊन जा. खाजगी स्कूटरवर बसलेल्या माणसाला कुणाचा बाप काही विचारत नाही." समोरच्या बर्गलियोटबाई खिडकीतून म्हणाल्या की माझं ऐकशील तर तू जाऊच नकोस, आजारी पड, मग त्यांना तुझी किंमत कळेल. मला हे पटलं होतं. मी राग्नाला विचारलं की मी गेलो नाही तर कसं होईल. ती म्हणाली, "बरं होईल. स्लेजवर सामानाला जागा होईल."

म्हणून मी ओड्वारची स्कूटर घेतली. ती माझ्या लग्नाच्या आसपासची असावी. धूर पुष्कळ काढायची आणि सुरू करायला दोरी ओढावी लागायची, पण ओड्वारच्या मते आजकालच्या स्कूटर म्हणजे नुसती खेळणी. त्याने मला ती कशी थांबवावी, कशी वळवावी, थंडीत तिच्याशी कसं बोलावं हे सगळं तासभर सांगितलं. एवढं करून मी रविवारी सकाळी दाखल झालो, तर तुरिड म्हणाली की स्कूटर कुणाची का असेना, ओळ एकच आणि म्होरक्याही एकच. मी सर्वात शेवटी, स्लेज घेऊन.

"शेवटचा माणूस सर्वात भरवशाचा लागतो," ती म्हणाली.

हे वाक्य जगात फक्त शेवटच्या माणसालाच ऐकवतात. मीच किती जणांना ऐकवलंय.

आम्ही निघालो. पुढे एस्किल, मग तुरिड, मग पीएचडी करणारे दोघे, मग राग्ना, आणि सर्वात मागे धूर काढत मी. पाठीला पांढऱ्या अस्वलांसाठीची बंदूक, मागे ओढायची स्लेज, स्लेजवर सगळ्यांचं जेवण. आडवेंटडालेनची दरी उन्हात नुसती झळाळत होती. एवढं सुंदर हवामान माझ्या कारकिर्दीत एकदाही लाभलं नव्हतं. माझ्या वेळी नेहमी धुकं, वारा नाहीतर निदान ढग तरी. याच्या पहिल्याच वर्षी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निळं.

वाटेत त्याची एखादी तरी चूक सापडेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. सापडत नव्हती. उताराआधी तो थांबायचा, हाताने खूण करायचा, एकेकाला खाली सोडायचा. रेनडिअर दिसले की लांबून वळसा घ्यायचा. एका थांब्यावर त्याने सगळ्यांना विचारलं की वेग ठीक आहे ना. असं कधी विचारतात का? म्होरक्याचा वेग तो वेग. पण पीएचडीवाले लगेच म्हणाले, "फार छान नेतोयस, एस्किल," आणि राग्नाने शिरस्त्राणाची काच वर करून हसून मान डोलावली. तिचं ते हसणं माझ्या चांगलं ओळखीचं होतं. मला ते शेवटचं केव्हा मिळालं होतं ते मी आठवायला लागलो, आणि आठवेना.

सास्सेनडालेनच्या दरीत आल्यावर मला युक्ती सुचली. ही वाईट युक्ती नव्हती, सुरक्षेच्या दृष्टीनेच होती. म्होरक्या मागे बघतो की नाही हे तपासायला नको का? दरीच्या कडेला दगडगोट्यांची एक लांबट टेकडी आहे. मी मुद्दाम मागे पडलो, तिच्यामागे वळलो आणि इंजिन बंद केलं. आता राग्नाला मी दिसणार नाही, ती थांबेल, मग तिच्या पुढचे थांबतील, आणि सर्वात शेवटी एस्किलला कळेल की आपल्या ओळीला शेपूटच नाही. तोवर तो कितीतरी पुढे गेलेला असेल. मग तो घाबराघुबरा होऊन परत येईल, सगळ्यांदेखत. मी काहीच बोलणार नव्हतो. फक्त हातमोजा काढून घड्याळाकडे बघणार होतो.

मी स्लेजवर बसून कॉफी ओतली. वॅफलचा डबा उघडला. पीठ रात्री मीच भिजवलं होतं, त्यामुळे चाखून बघायचा मला हक्क होता. एक वॅफल तपकिरी चीज घालून खाल्ला. कुणी आलं नाही. दुसरा जॅम लावून खाल्ला. कुणी आलं नाही. पहिल्यांदा मला आनंद होत होता, कारण जितका उशीर तितकी एस्किलची जास्त फजिती. मग हळूहळू आनंद ओसरायला लागला. माणसं अशी कशी? सगळं जेवण माझ्याकडे आहे, बंदूक माझ्याकडे आहे, निदान जेवणासाठी तरी परत यावं की नाही? बायको तरी? लग्नात हिने काय काय कबूल केलं होतं? तिसरा वॅफल मी काहीही न लावता खाल्ला, कारण मन लागत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की टेकडीला मागून वळसा घालून पलीकडच्या टोकाने हळूच बघावं, चाललंय काय. तिकडून नदीचं पात्र जातं. एप्रिलमध्ये त्या पात्रात वरून बर्फ दिसतं आणि खालून पाणी वाहत असतं, म्हणून तिथे जाऊ नये, हे मी नव्या माणसांना दरवर्षी सांगतो. हे मला आठवलं तेव्हा स्कूटर पुढून खाली बसली होती. मी पूर्ण जोर दिला. ओड्वारने सांगितलं होतं, अडकलास तर जोर दे. तिने धूर सोडला, किंकाळी फोडली आणि आणखी खाली गेली. मी उतरलो, तर मीही खाली गेलो, गुडघ्यापर्यंत. बुटांत पाणी शिरलं. मोज्यातलं ते भोक पाण्याने सर्वात आधी शोधून काढलं.

समोर एक रेनडिअर उभा होता. तो चघळत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याला एवढं जवळून कुणी सुशिक्षित माणूस बुडताना दिसला नसावा. इशाऱ्याची बंदूक माझ्याकडे होती. पण लाल गोळा आभाळात उडवला की त्याची चौकशी होते, चौकशीत सुरक्षा विभागाच्या बाई असतात, आणि त्यांच्यासमोर परत बूट काढून उभं राहावं लागतं. मी फावड्याने खणायला लागलो.

माझ्या स्कूटरच्या किंकाळीने ती मंडळी आली. पुढे एस्किल, चालत, हातात लांब काठी, पावलागणिक बर्फ टोचून बघत. त्याच्या कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक पीएचडीवाल्यांच्या हातात. पुस्तकात दाखवतात तसं. तो माझ्यापर्यंत पोचला आणि म्हणाला, "पाय ओले झालेत का?" बस, एवढंच. तू इथे कसा, असं काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यांनी मला ओढून काढलं. स्कूटर सुरू करून ओढायला गेले तर तिच्या इंजिनाचा पट्टा जळाला आणि ती तिथेच रुतून बसली. स्लेज तेवढी वर निघाली. टेकडीच्या पलीकडे बाकीच्या स्कूटर एका ओळीत, नीट, इंजिनं बंद करून उभ्या होत्या. म्हणजे ही माणसं टेकडीच्या त्या बाजूला माझ्यापासून थोड्याच अंतरावर थांबली होती, मध्ये टेकडी असल्याने मला ती ऐकू आली नव्हती. मी गायब होताच राग्ना थांबली होती, पुढचे थांबले होते, आणि एस्किल तर सर्वात आधी वळून आला होता. मग एवढा वेळ कुणी मला शोधायला का आलं नाही?

तुरिड माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता बरं वाटतंय का?"

"कशाचं?"

"नाही, असू दे. होतं असं कधी कधी."

पीएचडीवाले बर्फाकडे बघत होते. एस्किलने खिशातून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि हळूच सांगितलं की पाण्याबरोबर घे, पोट धरेल. मी राग्नाकडे बघितलं. ती हातमोजे झटकत होती. मग कळलं, तिने त्यांना सांगितलं होतं की हाल्वारचं, म्हणजे माझं, पोट सकाळपासून बिघडलंय, तो टेकडीमागे गेलाय, जरा वेळ लागेल. आणि ही सगळी सभ्य माणसं इतका वेळ टेकडीकडे पाठ करून, संत्री सोलत, मोठमोठ्याने हवामानाविषयी बोलत बसली होती. मुद्दाम मोठ्याने. मला संकोच होऊ नये म्हणून.

मी तोंड उघडलं. पोट बिघडलेलं नाही असं म्हणावं, तर मग टेकडीमागे काय करत होतो ते सांगावं लागलं असतं. मी गोळी घेतली.

मग तुरिडने वॅफलचा डबा उघडला आणि आत बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. "हाल्वार, अशा पोटावर?" एवढंच म्हणाली, पण किती वाईट वाटलं तिला. यानंतर मला कुणी वॅफल देईना. माझ्याच हातचे वॅफल माझ्यासमोर संपले आणि मला एस्किलच्या डब्यातली सुकी कुरकुरीत भाकरी मिळाली, पोटाला हलकी म्हणून. माझे बूट ओले होते, त्याने आपल्या पिशवीतून लोकरीचे कोरडे मोजे काढले. त्यानेच विणलेले. तेही मला नेमके बसले.

पूर्व किनारा आता राहिला. वेळ गेला होता आणि एक स्कूटर कमी झाली होती. पीएचडीवाल्यांचे चेहरे पडले. ती निळी भिंत त्यांनी अजून पाहिली नव्हती. मला कानकोंडं झालं, आणि मी काहीतरी म्हणणार, इतक्यात एस्किल म्हणाला, "चूक माझी आहे. पुढे मी होतो. नदीचं पात्र इतकं जवळ आहे तर तिथे थांबायलाच नको होतं. ही दरी मला माहीत नाही." सगळे म्हणाले, छे छे, तुझी कसली चूक. राग्ना म्हणाली, "असं बोलायला मोठं मन लागतं." माझ्याच चुकीवर त्याने असं नाव मिळवलं. निदान ती चूक तरी माझ्याकडे राहू द्यायची होती.

पण पुढे तो जे म्हणाला त्याने मी सगळं विसरलो. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "परतीला तू पुढे हो, हाल्वार. इथलं पाणी तुला कळतं."

इथलं पाणी माझ्या बुटांतून अजून गळत होतं. तुरिड जरा घुटमळली. मग तिने दोन्हीकडे बघितलं, जणू सुरक्षा विभागाच्या बाई रेनडिअरच्या मागे उभ्या असाव्यात, आणि म्हणाली, "कागदावर म्होरक्या एस्किलच. बर्फावर तू ने."

म्होरक्याने एकट्याने बसायचं असतं, मागे माणूस घ्यायचा नाही, बर्फ पातळ असलं तर वजन कमी हवं. हा नियमही मीच सगळ्यांना शिकवलेला. मला स्कूटर हवी होती, आणि सर्वात जवळ राग्नाची उभी होती. मी टांग टाकून बसलोसुद्धा. राग्नाने विचारलं, "आणि मी?" मी काच खाली ओढता ओढता म्हणालो, "बस ना कुणाच्याही मागे." आनंदात माणूस काय बोलतो त्याला काही धरबंध नसतो. तुरिडच्या मागे अडीअडचणीसाठी घेतलेल्या तंबूचं सामान होतं. पीएचडीवाल्यांच्या स्कूटरला मागची बैठक नव्हती. मागे बैठक होती ती एकट्या एस्किलच्या स्कूटरला.

मी निघालो. समोर कुणी नाही, स्वच्छ दरी, उन्हाने सोनेरी झालेली. छाती भरून आली. नियमाप्रमाणे मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे एस्किल, आणि एस्किलच्या मागे राग्ना, दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती.

धरावंच लागतं, हे मला माहीत आहे. नाही धरलं तर माणूस पडतो. मी पुढे बघितलं. जरा वेळाने, म्होरक्याने बघायचं असतं म्हणून, परत मागे बघितलं. धरलेलंच होतं. मी ठरवलं, हे लवकर संपवावं, आणि वेग वाढवला. वेग वाढल्याबरोबर स्कूटर उंचवट्यांवर उडायला लागल्या आणि राग्नाने त्याला आणखी घट्ट धरलं, डोकं पण त्याच्या पाठीला टेकवलं. मी ताबडतोब वेग कमी केला. हात सैल झाले. पण मग माझ्या लक्षात आलं की या वेगाने घरी पोचायला संध्याकाळ होणार, आणि संध्याकाळपर्यंत ते सैल का होईना, धरलेलेच राहणार. मी परत वेग वाढवला. सबंध दरीभर माझं हेच चाललं होतं. पुढे काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, मी फारसं तिकडे बघितलं नाही.

मी दर उताराआधी थांबलो. चढाआधीही थांबलो. काहीच नसलेल्या सपाटीवरही एकदोनदा थांबलो. प्रत्येक वेळी उतरून ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेलो आणि एकेकाला विचारलं की थंडी वाजत नाही ना, पाय बधिर नाहीत ना. राग्नाला विचारलं की बैठक टोचत असेल तर तुरिडचं सामान हलवता येईल.

"नाही रे," ती म्हणाली, "इथे वारा अजिबात लागत नाही."

"पाठ मोठी आहे माझी," एस्किल म्हणाला, आणि दोघंही हसले. यात हसण्यासारखं काय होतं?

गावाचे दिवे दिसायच्या आधीच, खाणीच्या जुन्या खांबांपाशी मी शेवटचा थांबलो, कारण तिथे एक छोटासा उंचवटा आहे. मग आम्ही संस्थेच्या दारात पोचलो, सगळे धडधाकट. मी शिरस्त्राण काढलं. आता बोलणी बसणार असं मला वाटलं होतं. रस्ताभर थांबवलं, गाडी कधी पळवली, कधी रांगवली. तुरिड माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने सगळ्यांना जवळ बोलावलं. तुरिड भाषण करत नाही, त्या दिवशी केलं.

ती म्हणाली की ती इतकी वर्षं या बेटावर आहे, पण मागच्यांची इतकी काळजी घेणारा म्होरक्या तिने पाहिला नाही. "सकाळी त्याचं पोट बिघडलेलं, पाय भिजलेले," ती म्हणाली, "आणि तरी दर दोन मिनिटांनी हा माणूस मागे वळून बघत होता. मी मोजायचं सोडून दिलं." पीएचडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्यांसारख्या बेताच्या नाही, मनापासून. एस्किलने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला की मी आज तुझ्याकडून खूप शिकलो, मला तर वाटायचं आपण मागे बघतो. त्याचे डोळे ओलसर झाले होते. मग तुरिडने जाहीर केलं की हाल्वारने ईस्टरनंतर ती परीक्षा देऊन टाकावी, पुढच्या वर्षी आणि त्यापुढेही दरवर्षी पहिली स्कूटर त्याचीच. या विषयावर आता पुन्हा चर्चा नको.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. सगळ्यांसमोर मिळालं. मी मान खाली घालून "अरे, यात काय विशेष" असं म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

रात्री ओड्वारला त्याची स्कूटर कुठे आहे ते सांगून आलो. तो बराच वेळ बोलत होता. घरी आलो तेव्हा सामान आवरून नुकतीच आलेली राग्ना दारात बसून बूट काढत होती. गाल लाल झाले होते, केस विस्कटलेले, आणि ते हसणं, जे मला कधीपासून आठवत नव्हतं, ते आता थेट माझ्याकडे बघून.

"तू खरंच फार छान नेलंस आज," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही असंच ने. मी पुन्हा एस्किलच्याच मागे बसेन."